पाहुणे, उपरी आणि मिरासदार : झेरमाट गावाची कथा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह डोंगरावर जाऊन चार दिवस राहावे, ही चाल आपल्या मध्यम वर्गात इंग्रजी अमदानीत पडली आणि महाबळेश्वर, माथेरान, लोणावळे ही नावे घरोघरी परिचित झाली. आता हेच कुटुंब मे महिन्यात स्वित्झर्लंडपर्यंत जाऊ लागले आहे. बर्फाच्या डोंगरावर जाऊन यावे, मुलांनी एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकावेत, पायथ्याचे लाकडी घरांचे गाव पाहून त्याच्या स्वच्छतेची वाखाणणी करावी आणि परतावे, असा हा प्रवास असतो. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या गावी आपण पाहुणे म्हणून जातो ते गाव असे कशाने झाले, त्यासाठी कोण झिजले आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडले, हा विचार प्रवाशाच्या मनात सहसा येत नाही. तो करण्यास झेरमाटइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

झेरमाट हे गाव दक्षिण स्वित्झर्लंडमधील वॅले नावाच्या घटक राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर वसले आहे. गावाच्या माथ्यावर ४४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न हे शिखर, नांगराचा फाळ उलटा रोवावा तसे, एकटे उभे आहे. आज या गावाची कीर्ती बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी आहे. त्यामुळे त्याचे वैभव हिवाळ्याने आणले असेल, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. वस्तुस्थिती तशी नाही. गावाची भरभराट प्रथम उन्हाळ्याच्या पाहुण्यांनी केली. हिवाळा त्यात पाऊणशे वर्षांनी सामील झाला. गावाचा मोठा तंटाही त्या पहिल्या, उन्हाळी कालखंडातलाच आहे.

पाहुणे येण्यापूर्वीचे झेरमाट हे गरीब गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील वस्ती चारशेच्या आसपास होती. उतारावरच्या लहान लहान तुकड्यांत राय नावाचे धान्य पिकवावे, उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांत न्यावीत, गवत कापून वाळवावे आणि त्यावर सात-आठ महिन्यांचा हिवाळा काढावा, असा तेथला क्रम. भाकरी वर्षातून मोजक्याच वेळा भाजीत आणि ती वाळवून महिनोन् महिने पुरवीत. धान्याची कोठारे लाकडी खांबांवर उचललेली असत आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर उंदीर चढू नयेत म्हणून दगडाची सपाट चकती बसविलेली असे. ही कोठारे आजही गावाच्या जुन्या भागात उभी आहेत आणि प्रवासी त्यांची छायाचित्रे हौसेने घेतात. एकेक पायली धान्य ज्यांस मोलाचे होते अशा लोकांची ती रचना आहे, हे मात्र छायाचित्रात उमटत नाही.

अशा ठिकाणी बाहेरचा मनुष्य कशासाठी जाणार? अठराव्या शतकापर्यंत युरोपातील सुशिक्षितांस आल्प्स पर्वत ही भेसूर अडचण वाटे. ती कशीबशी ओलांडून इटलीत उतरावयाचे, एवढाच तिच्याशी त्यांचा संबंध. ही दृष्टी बदलली ती निसर्गशास्त्राच्या अभ्यासकांमुळे आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या भावनाप्रधान वाङ्मयामुळे. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ द सोस्यूर हा १७८९ मध्ये या भागात आला आणि १७९२ मध्ये पुन्हा येऊन त्याने मॅटरहॉर्नची उंची मोजली. त्याच्यामागून वनस्पतिशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, चित्रकार असे तुरळक लोक येऊ लागले. गावात उतरण्यास जागा नसे, म्हणून बहुतेकांचा मुक्काम गावच्या पाद्रीबोवांच्या घरी पडे. १८३९ च्या सुमारास लाउबर नावाच्या स्थानिक वैद्याने आपल्या घरात पाहुण्यांसाठी बिछाने घातले. झेरमाटच्या हॉटेलांचा आरंभ तो हा.

यानंतर या कथेचा नायक रंगभूमीवर येतो. अलेक्झांडर सायलर हा त्याच वॅले राज्यातला, पण ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यातील ब्लिट्झिंगेन या गावचा. जन्म १८१९; धंदा साबण करण्याचा. त्याचा भाऊ जोसेफ हा झेरमाट येथे धर्मोपदेशक होता. या गावाला पुढे दिवस येणार आहेत हे भावाने ओळखले आणि अलेक्झांडरला बोलावून घेतले. त्याने वैद्यबोवांची ती लहान जागा आधी चालवावयास घेतली, मग विकत घेतली आणि १८५५ साली तिला 'माँटे रोझा' हे नाव दिले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्या खोऱ्यास मोठ्या भूकंपाचा धक्का बसला होता. अशा वेळी ज्या मनुष्याने आपली सर्व पुंजी तेथे गुंतविली त्याच्या धाडसाची तारीफ केली पाहिजे. १८५७ मध्ये त्याचा विवाह झाला आणि त्याची पत्नी कॅथरिना ही या व्यवसायाचा निम्मा भार वाहू लागली. या दांपत्याच्या आतिथ्याचा लौकिक इंग्लंडमधील घराघरांत पोहोचला.

त्या आतिथ्यास गिऱ्हाईकही तसेच मिळाले. १८५७ साली लंडनला 'अल्पाइन क्लब' ही संस्था स्थापन झाली. तिचे सभासद बव्हंशी वकील, धर्मोपदेशक, महाविद्यालयांतील अध्यापक असे मध्यम वर्गातले होते. न्यायालयांना आणि विद्यापीठांना उन्हाळ्यात दीर्घ सुट्टी असे आणि ती कोठे घालवावी हा त्यांच्यापुढचा प्रश्न असे. आगगाडीने युरोप जवळ आणला होता. १८६३ मध्ये टॉमस कुक याने स्वित्झर्लंडची पहिली सामुदायिक सहल काढली, तेव्हा त्या मंडळीत स्त्रियाही होत्या. त्यांपैकी जेमायमा मॉरेल या बाईने लिहिलेली प्रवासाची दैनंदिनी दुसऱ्या महायुद्धानंतर उजेडात आली. ती सहल झेरमाटला गेली नव्हती. पण सामान्य ऐपतीच्या कुटुंबास आल्प्सची वाट खुली झाली ती अशाच सहलींमुळे.

झेरमाटचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र एका अपघाताने. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज तरुण सहा सोबत्यांसह मॅटरहॉर्नच्या माथ्यावर प्रथम पोहोचला. उतरताना त्यांपैकी एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघेजण हिमनदीवर कोसळून मरण पावले. त्यांत लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हा अठरा वर्षांचा उमराव होता. त्याचे शव कधीच सापडले नाही. वाचले ते तिघे : व्हिंपर आणि झेरमाटचे वाटाडे टाउगवाल्डर पितापुत्र. थोरल्या टाउगवाल्डरने आपला जीव वाचविण्यासाठी दोर कापला, असा प्रवाद उठला. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी संशयाचा डाग त्याच्या नावावरून पुसला गेला नाही. इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी या प्रकारावर कडक टीका केली. तिचा परिणाम उलट झाला. ज्या पर्वताने चार बळी घेतले तो पाहण्यासाठी लोक अधिकच लोटू लागले.

पुढील वीस वर्षे झेरमाटचा उन्हाळा म्हणजे इंग्रज कुटुंबांचा मेळा झाला. वडील मंडळी वाटाड्यांसह शिखरांवर जात. स्त्रिया आणि मुले खेचरांवर बसून वरच्या कुरणांपर्यंत फेरफटका करीत, फुले गोळा करीत, चित्रे काढीत. तरीही स्त्रियांचे पर्यटन सर्वस्वी कुरणांपुरते राहिले असे नाही. १८७१ साली लूसी वॉकर ही मॅटरहॉर्नवर चढणारी पहिली स्त्री ठरली. १८७० मध्ये इंग्रजांनी गावात आपले स्वतःचे प्रार्थनामंदिर बांधले. सायलरनेही 'माँ सेर्व्हँ' हे दुसरे मोठे हॉटेल १८६७ मध्ये विकत घेतले आणि १८८४ साली रिफेलआल्प येथे, गावाच्या कितीतरी वर, आणखी एक उभे केले.

येथवरची कथा कर्तबगार उद्योजकाची आहे आणि बहुतेक प्रवासवर्णने ती येथेच संपवितात. पण ज्या गावात हा उद्योग चालला होता त्या गावच्या दृष्टीने सायलर कोण होता? याचे उत्तर समजण्यास स्विस गावाची एक जुनी व्यवस्था ध्यानात घ्यावी लागेल. तेथे गावच्या रहिवाशांचे दोन वर्ग असत. एक, ज्यांच्या पूर्वजांपासून गावचे वन, कुरण, पाणी यांवर सामाईक हक्क चालत आला ते 'बुर्गर'. आणि दुसरे, बाहेरून येऊन राहिलेले, ज्यांस त्या सामाईक मालमत्तेत वाटा नाही असे लोक. पेशवाईतील गावगाड्याची ज्यांस माहिती आहे त्यांस हा भेद नवा वाटणार नाही. आपल्याकडील मिरासदार आणि उपरी यांच्यातील अंतर बरेचसे याच जातीचे होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावच्या कारभारात त्याचा शब्द चाले. उपरी मनुष्य कितीही वर्षे राबला तरी तो उपरीच. दोन्ही व्यवस्था सर्वस्वी सारख्या होत्या असे म्हणावयाचे नाही; पण या शब्दांनी सायलरची स्थिती आपल्याला चटकन कळते. गावातील सर्वांत मोठा धनिक असूनही तो उपरी होता.

१८७१ साली त्याने गावची मिरास, म्हणजे बुर्गरपद, मिळावे म्हणून मागणी केली. गावकऱ्यांनी ती नाकारली. वाद वॅलेच्या सरकारपुढे गेला, पुढे संघराज्याच्या दरबारी गेला. वरून निर्णय सायलरच्या बाजूने येत राहिले आणि गाव ते अमलात आणण्याचे नाकारीत राहिले. एका बाजूस राज्यसत्ता, द्रव्य आणि युरोपभर पसरलेली कीर्ती. दुसऱ्या बाजूस काही शेकडा गुराखी, शेतकरी आणि वाटाडे. हा झगडा १८८९ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे चालला आणि अखेर वरिष्ठ सत्तेच्या दडपणाखाली गावाने सायलरला आपल्यात घेतले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, तो वारला. ज्या रेल्वेने झेरमाट जगाशी जोडले गेले ती फिस्पपासूनची आगगाडी त्याच वर्षी गावात पोहोचली.

या तंट्याची हकिकत सांगणारे बहुधा गावकऱ्यांस दोष देतात. ज्याने गावास अन्न दिले त्यालाच परका म्हणणारे हे लोक मत्सरी आणि कृतघ्न होते, असा त्यांचा सूर असतो. त्यात मुळीच तथ्य नाही असे म्हणवत नाही. अठरा वर्षे एका सज्जन माणसास दारात उभे करणे ही काही थोर मनाची खूण नव्हे. परंतु इतिहासाने निवाडा करताना दोन्ही पक्षांची कैफियत ऐकावी. गावकऱ्यांचा पक्ष असा मांडता येतो. झेरमाटच्या उंचीवर झाड फार मंद गतीने वाढते. तेथील देवदारवर्गी वृक्षांचे रान हे सरपण आहे, घराची तुळई आहे आणि वरून कोसळणाऱ्या हिमकड्यांपासून गावाचे रक्षण करणारी भिंतही तेच आहे. कुरणाचेही तसेच, त्यावर किती गुरे चरावीत याची मर्यादा पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेली. चारशे माणसांस पुरेल अशा या सामाईक ठेव्यात, शेकडो पाहुण्यांच्या चुली पेटविणाऱ्या आणि शेकडो खाटा बांधणाऱ्या हॉटेलवाल्यास एक बुर्गर म्हणून वाटा दिला, तर तो वाटा इतरांच्या वाट्याएवढाच राहील काय? हा प्रश्न मत्सराचा नव्हे, हिशेबाचा होता. जो सर्वांत बलवान आहे तो सामाईक मालकीत शिरला म्हणजे सामाईकपणा कागदावर उरतो, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही.

शिवाय गावकरी केवळ नकार देऊन बसले नाहीत. तंटा चालू असतानाच त्यांनी स्वतःचे हॉटेल बांधावयास घेतले. प्रत्येक बुर्गर कुटुंबाने आपल्या वाट्याचे अंगमेहनतीचे काम करावयाचे, या जुन्या रिवाजावर दगड, वाळू, लाकूड वाहून आणले गेले आणि १८७९ साली 'झेरमाटरहोफ' उभे राहिले. गुराख्यांच्या गावाने सरदार-उमरावांसाठी हॉटेल बांधले. पण ते चालवावे कसे हे त्यांस ठाऊक नव्हते. तेव्हा आरंभी ते चालवावयास दिले ते सायलर घराण्यालाच! ज्यास आपल्यात घेणार नाही म्हणून हट्ट धरला त्याच्याच हाती आपल्या कष्टांची वास्तू सोपवावी लागली. मात्र एक गोष्ट त्यांनी सोडली नाही : वास्तूची मालकी. चालविणारे बदलले, पाहुणे बदलले, दोन महायुद्धे आली आणि गेली. ते हॉटेल आजही बुर्गर-समाजाचेच आहे. पुढे जे रज्जुमार्ग झाले त्यांच्या कंपनीतही या समाजाचा मोठा वाटा आहे. डोंगराच्या गावांत प्रवासी येऊ लागले की जमीन हळूहळू शहरातील धनिकांच्या हाती जाते आणि मूळचे लोक त्यांच्या दारी चाकरीस राहतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. झेरमाटने तो बऱ्याच अंशी टाळला, आणि तो टाळण्याचे बळ ज्या हट्टातून आले त्याच हट्टाने सायलरला अठरा वर्षे तिष्ठत ठेवले.

हिवाळ्याची कथा थोडक्यात सांगितली तरी चालेल. आल्प्समधील हिवाळी पर्यटनाचा उगम सेंट मॉरिट्झ येथील बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याशी जोडतात. १८६४ च्या शरदात त्याने परतणाऱ्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली की हिवाळ्यात या, ऊन आवडले नाही तर प्रवासखर्च माझा. अशी आख्यायिका आहे. झेरमाटला हे वारे फार उशिरा लागले. तेथील आगगाडी आरंभी फक्त उन्हाळ्यात धावे. १८९८ मध्ये ३०८९ मीटर उंचीच्या गोर्नरग्राटपर्यंत दातेरी रुळांची विजेची गाडी झाली, तीही उन्हाळी पाहुण्यांसाठीच. हिवाळ्यात गाव बर्फाखाली पुन्हा आपले आपण असे. १९२७-२८ च्या हिवाळ्यात सायलर घराण्याच्या पुढाकाराने तेथे पहिला खरा हिवाळी हंगाम झाला. मग मात्र पारडे झपाट्याने फिरले. १९७९ मध्ये ३८८३ मीटर उंचीच्या 'लहान मॅटरहॉर्न'वर पाळणा पोहोचला आणि हिमनदीवर बारा महिने घसरण्याचा खेळ सुरू झाला. उन्हाळ्यात आलेल्या कुटुंबास सकाळी बर्फावर खेळून दुपारी फुलांच्या कुरणात फिरता यावे, अशी सोय झाली.

सामाईक मालकी म्हणजे सर्व दोषांवरचे औषध, असा अर्थ कोणी काढू नये. १९६३ च्या हिवाळ्यात, हंगाम ऐन भरात असता, झेरमाटमध्ये विषमज्वराची साथ पसरली. चारशेहून अधिक लोक आजारी पडले आणि काही मेले. रोग दूषित पाण्यातून आला होता. गाव भराभर वाढले, पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था मागे राहिली. हंगाम बुडेल या भीतीने अधिकाऱ्यांनी वेळेवर हालचाल केली नाही, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. मालक गावकरी असोत की परके, पाहुण्यांच्या पैशावर जगणाऱ्यास सत्य सांगणे जड जाते. आणि आता तर मूळ भांडवलालाच ओहोटी लागली आहे. २०२२ च्या जुलैअखेर उष्णतेने हिमनदी इतकी वितळली की उन्हाळी खेळ थांबवावा लागला. ज्या ठेव्याच्या वाटपासाठी अठरा वर्षे भांडण झाले, त्यात या हिमनदीची गणना कोणी केलीही नसेल.

आपल्या माथेरानशी या गावाची तुलना केल्यावाचून राहवत नाही. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने ते ठिकाण शोधून काढले असे आपण म्हणतो. पण कातकरी, ठाकर, धनगर त्या डोंगरावर आणि त्याच्या कुशीत आधीपासून वावरत होतेच. झेरमाटमध्ये पेट्रोलच्या मोटारीस मज्जाव आहे. त्या अलीकडच्या टेश गावी थांबतात आणि पुढे आगगाडीने जावे लागते. माथेरानलाही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळची छोटी गाडी आपल्या बालपणाचा ठेवा आहे. साम्य एवढेच. झेरमाटच्या गुराख्याचा वंशज आज हॉटेलाचा भागीदार आहे. माथेरानच्या डोंगरावर मात्र भूखंड मुंबईच्या धनिकांच्या बंगल्यांसाठी आखले गेले आणि मूळच्या लोकांच्या वाट्यास ओझी वाहणे व माणसांनी भरलेली रिक्षा हातांनी ओढणे आले. तेथे विजेच्या रिक्षांची चाचणी सुरू होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. परकी सत्ता, वनांवरील सरकारी मालकी, जातीची उतरंड अशी याची अनेक कारणे आहेत आणि दोष एकट्या माथेरानचा नाही. पण ज्यांच्याजवळ मिरास नव्हती, किंवा असलेली मान्य झाली नाही, त्यांचे काय होते हे पाहण्यास आपल्याला आल्प्सपर्यंत जावयास नको.

मग मिरासदारांचा हट्ट योग्यच होता, असे म्हणावयाचे काय? त्या प्रश्नाला झेरमाटच्या आजच्या स्थितीनेच दुसरी बाजू दिली आहे. आज तेथील हॉटेलांत खोल्या झाडणारे, स्वयंपाक करणारे, रज्जुमार्ग सांभाळणारे लोक मोठ्या संख्येने पोर्तुगालसारख्या देशांतून आलेले आहेत. त्यांची मुले गावच्या शाळेत शिकतात, पण राहण्याच्या जागेचे भाडे त्यांस परवडेनासे झाले आहे. धनिकांनी वर्षातून चार आठवड्यांसाठी घेऊन ठेवलेली घरे डोंगराळ गावांत इतकी वाढली की २०१२ साली स्विस मतदारांनी अशा घरांवर प्रत्येक गावात एकूण घरांच्या एक-पंचमांशाची मर्यादा घातली. सायलर हा श्रीमंत उपरी होता; त्यास वकील मिळाले, राज्यसत्तेचा पाठिंबा मिळाला. आजचे उपरी गरीब आहेत, आणि त्यांच्यासाठी अठरा वर्षे भांडणारा कोणी दिसत नाही.

बलवानाविरुद्ध सामाईक हक्क राखणे ही मिरास. दुर्बळाविरुद्ध तोच हक्क राखणे हा अन्याय. कायद्याच्या पुस्तकात दोन्हींचा मजकूर एकच असतो, म्हणून त्यांतील भेद ओळखण्याचे काम गावालाच करावे लागते. झेरमाटच्या गावकऱ्यांनी ते काम एकदा, कडवटपणे का होईना, केले आहे. ते पुन्हा करण्याची वेळ त्यांच्यावर आली आहे. आणि पाहुण्यांच्या आधाराने जगू पाहणाऱ्या आपल्या सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या गावांपुढेही तोच प्रश्न उभा आहे.